धुतलेली प्रत

जुलैतली थंडी, मोन्तेविदेओ, साडेनऊचा खेळ.
मायते म्हणाली, आजी, तुझा तो वेडा सिनेमा लागलाय,
आता त्याला कल्ट म्हणतात.
आमच्या वेळी त्याला पडलेला म्हणायचे.

तिकिटाला रांग होती. रांग!
तेव्हा आम्ही नऊ जण असायचो, दहावा डोअरकीपर,
हीटर बंद, एका घोंगडीखाली चौघं,
आणि मातेचा भोपळा अंधारात हातोहात फिरायचा,
कुणाची नळी कुणाच्या ओठांत, पत्ता नसे.

‘वाळूवरचे पाहुणे’.
परग्रहावरून सहा माणसं येतात, अंगात रेनकोट,
डोक्यावर स्वयंपाकघरातली चाळणी,
आणि पहिला जो कोळी भेटतो त्याला विचारतात,
तुमच्याकडे मंगळवार किती वाजता असतो?
कथा म्हणाल तर एवढीच.
अकरा वेळा पाहिला मी,
वॉशिंग्टन पेरेयराबरोबर.
हो, वॉशिंग्टन. आमच्याकडे ठेवतात असली नावं.

वाटेत मायतेला सांगून ठेवलं होतं,
त्यात सबंध वेळ पाऊस आहे,
बारीक, उभा, पिरपिरा.
म्हणून तर रेनकोट.
म्हणून तर माणूस घरी येऊनही ओला राहतो.

पडदा उजळला. लख्ख ऊन.
वाळू इतकी कोरडी की घशाला शोष पडावा.
कुठल्याशा प्रयोगशाळेत फ्रेमन् फ्रेम धुतलीय म्हणे,
ओरखडे वेचून काढलेत, तांदळातले खडे काढावेत तसे.
माझा पाऊस
ओरखड्यांचा होता.

पन्नास वर्षं मी एका खराब प्रतीच्या
हवामानावर विश्वास ठेवला.

आता तबकडीची दोरी दिसते, दोरीची गाठसुद्धा.
पोरं गाठीला टाळ्या देतात.
मीही दिल्या. कुणीतरी मारलीच असेल ना ती,
गारठलेल्या बोटांनी, दिग्दर्शकाच्या शिव्या खात.

मग अधिकारी येतो, दार ठोठावतो.
टोपी दोन नंबर मोठी, कानांवर टेकलेली.
थिएटर खो खो हसलं.
आम्ही इथे श्वास धरून बसायचो.
शेवटच्या रांगेत एक गृहस्थ असायचा
सिनेमा सोडून आमच्याकडे बघणारा,
आणि अशी थाप त्या साली
कुणाच्या ना कुणाच्या दारावर पडतच होती.
मायतेने पॉपकॉर्न मागितलं. दिलं.

पुढचं मला पाठ होतं.
नवरा बायकोच्या थोबाडीत देतो
आणि तिची चाळणी घसरून हनुवटीला अडकते.
सगळ्यात मोठा हशा तो.
डोअरकीपरसुद्धा तेवढ्यापुरता आत यायचा.

मी सवयीने तोंड उघडलं.
कुणीच हसलं नाही.
एवढी भरलेली खोली, आणि चिटपाखरू नाही.
माझं तोंड उघडंच,
मायते बघतेय की काय म्हणून
त्यात पॉपकॉर्न टाकलं.

मी हसायचे. अकराही वेळा.
वॉशिंग्टनकडे मान वळवून, जरा मोठ्यानेच,
मला विनोद कळतो हे त्याला कळावं म्हणून.
म्हणजे तिच्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं.
धुतलेल्या प्रतीत तिचा गाल दिसतो.
चार बोटं उमटलेली, रंगवलेली नव्हेत.
आणि ती नवऱ्याकडे नाही,
कॅमेऱ्याच्या थोडं डावीकडे बघते,
तिथे जो कोण उभा असेल त्याच्याकडे,
झालं ना? की पुन्हा?

नावांच्या यादीत मी तिला शोधलं.
‘बायको’ एवढंच लिहिलंय.

वॉशिंग्टन स्टॉकहोमला गेला त्या डिसेंबरात.
पत्रं यायची, मग शुभेच्छापत्रं, मग नुसता शिक्का.
त्याला लिहावं असं वाटलं,
पाऊस नव्हता रे, हे तरी.

समुद्राकडून वारा सुटला होता.
मस्त होता, मायते म्हणाली,
पण आजी, पाऊस कुठे होता?
काढून टाकला असेल, म्हटलं,
आणि कोरड्या रस्त्यावर
कोटाची कॉलर वर केली.