अकरा वेळा शून्य

सातपूरला, कार्बन नाक्याच्या आतल्या गल्लीत
सव्वीस वर्षं मी देतो आणि लिहितो.
आधी वहीत, मग बिन कार्डावर,
नंतर ईआरपी आलं तेव्हा कोड पाठ केले.
बासष्टशे पाच म्हणजे कुठलं बेअरिंग,
झोपेतून उठवलं तरी सांगेन.

ईआरपीचं आणि माझं बरं होतं.
किती आलं, किती गेलं, कुणाच्या सहीनं.
ते उलट विचारायचं नाही.
मुनीमजीसारखी मान खाली,
पान भरलं की पुढचं पान.

दिवाळीनंतर तेजल बोरस्ते आली, निफाडची.
तिनं भिंतीवर पडदा लावला
आणि त्याच नोंदी, माझ्याच,
रंगांत उभ्या केल्या.
सव्वीस वर्षांचं माझं अक्षर
एकदम चेहरा घेऊन समोर.

साहेब म्हणाले, धोंडगे, समजतंय का काही?
म्हटलं, समजतंय की.
गंगेला पूर आला की धरणावरचा माणूस क्युसेक लिहितो.
लिहायलाच हवं.
पण गाव विचारतं, दुतोंड्याच्या कुठवर आलं?
गुडघ्याला? छातीला?
त्यावर भांडीबाजारातला दुकानदार ठरवतो
माल माळ्यावर चढवायचा की नाही.
आकडा खोटा नसतो, मारुतीही खोटा नसतो.
पुढच्या मीटिंगला तेजलनं हेच सांगितलं,
माझं नाव न घेता.
चालतं.

मग जानेवारी,
रॅकला हात लावला की लोखंड चावतं अशी सकाळ.
ती खाली आली, लॅपटॉप काखेत.
काका, हे बघा.
अठरा महिन्यांत अकरा वेळा
बासष्टशे पाचचा साठा शून्य.
आणि अकराही वेळा लाइन चालू.
बेअरिंगशिवाय मोटर बसली कशी?

अकरा लाल ठिपके,
त्यांच्यावरून जाणारी हिरवी रेघ, सरळ, निवांत,
जशी काही तिला कुणी काही सांगितलंच नाही.

म्हटलं, सॉफ्टवेअर चुकलं असेल.
ती म्हणाली, चुकलं असतं
तर एखाद्या वेळी तरी लाइन थांबली असती.

सगळ्यात खालचा रॅक. तुटक्या बेल्टांच्या मागे
चिवड्याचा पत्र्याचा डबा, शेजारी आणखी दोन.
तेलकट कागदात दोनशे त्र्याऐंशी बेअरिंगं.
रद्द ऑर्डरीतून उरलेली,
लाइनवरून परत आलेली,
कधी सप्लायरनं खोक्यात दोन जास्त टाकलेली.
एकाचीही नोंद नाही.

ती फरशीवरच बसली. मोजली, पुन्हा मोजली.
का, म्हणून विचारलं नाही,
तरी मी सांगितलं.
एका साली कसारा घाटात ट्रक दोन दिवस अडकला.
लाइन बंद. कंत्राटी पोरांना गेटवरूनच परत पाठवलं,
रोज बुडाला.
त्यात घोटीचा एकनाथ होता.
डबा हातात, न उघडलेला,
बारा वाजेपर्यंत उभा,
चालू झाली तर, म्हणून.

नोंद करावी लागेल, काका.

मला माहीत होतं पुढचं.
नोंद झाली की जादा साठा म्हणून पिवळी पट्टी,
खरेदीवाले पुढची ऑर्डर कापणार,
ऑडिटर मला खुर्ची देऊन प्रश्न विचारणार.
म्हटलं, कर. पण बाराव्या वेळी काय?

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, ट्रक कधी निघाला, कधी पोचला,
तेही तुम्हीच लिहून ठेवलंय, सगळ्या वर्षांचं.
मांडून बघते.

ऑडिटर आला, गेला. लेखी समज मिळाली,
फाइलला आहे.
फेब्रुवारीत सिस्टिममध्ये बासष्टशे पाचचा किमान साठा
चाळीसचा दीडशे झाला.
कारणाचा रकाना रिकामा सोडता येत नाही.
तिनं लिहिलंय: घाट.

डबे घरी नेले. एकात आता नागली आहे.

अकरा ठिपके मात्र आहेत तिथंच.
जुन्या तारखेला हात लावता येत नाही.
चहाला उभं असताना नवा एखादा पोरगा विचारतो,
काका, हे लाल कसलं?
म्हणतो, काही नाही रे.
त्या दिवशी सगळ्यांनी डबे खाल्ले.