डावा कोपरा

अकरा वर्षं त्याचा उजवा हात माझ्या डाव्या हातात होता.
जे कबड्डी खेळले नाहीत त्यांना हे सांगून समजत नाही.
तो डावा कोपरा, मी त्याच्या शेजारचा,
चढाईवाला आत आला की बोलायचं नसतं,
मनगट किती आवळायचं तेवढंच कळवायचं.

लिलाव आम्ही मोबाईलवर पाहिला, घाटंजीच्या सलूनमध्ये.
नावं संपली. जगदीश कुमरे असं कुणी उच्चारलंसुद्धा नाही.
सलूनवाला म्हणाला, "आता दाढी तरी करून घे बापा."
त्याने केली.

तूर फुलावर असताना फोन आला.
कुणाचा तरी खांदा निखळला होता तिकडे.
बडनेऱ्याला एसीच्या डब्यात चढला
आणि रात्रभर चादरीची घडी मोडली नाही, म्हणतो.
जर्सीवर त्यांनी 'कुमार' छापलं.
रे कुठे गेला, आम्ही विचारलं.
"धुण्यात गेला."

पाच सामने. खरं तर चार,
आणि पाचव्यातली साडेसहा मिनिटं.
ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पडदा, प्रोजेक्टर लग्नाच्या शूटिंगवाल्याचा.
त्याच्या मायला खेळ कळत नव्हता,
ती नुसती डाव्या कोपऱ्यात पाहत बसली,
कॅमेरा तिकडे नसला तरी.

आणि त्याने घोटा धरला.
काय धरला! मोहाच्या मुळाने दगड धरावा तसा.
आम्ही सगळे उभे, कुणाची तरी चप्पल हवेत.
मग पंच थांबले,
आणि त्याच्या पायाचा अंगठा भिंतीएवढा झाला,
रेषेच्या बाहेर,
एकदा, पुन्हा एकदा, हळूहळू, वरून, बाजूने.
आमच्याकडे चुना पायाखाली पुसला जातो.
अंगठा कुठे होता ते भांडून ठरतं,
आणि भांडण्यात आपण बरे होतो.

तो बाकावर जाऊन बसला. परत उतरला नाही.
करार संपल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं,
खाली अंगठ्याचं चित्र.

आता तो पांढरकवड्याकडे टोलनाक्यावर असतो.
"गाड्या अडवतो," म्हणतो, "रिव्ह्यू नाही इथं."
गुडघा थंडीत बोलतो त्याचा, तो नाही बोलत.

परवा हायवे ओलांडत होतो, ट्रकांची रांग.
सवयीने माझ्या डावीकडे आला.
हात धरला नाही. चाळिशीकडे झुकलो दोघंही, लोक पाहतात.
फक्त दोन बोटं टेकली मनगटाला:
थांब.
कंटेनर गेला, त्याची धूळ गेली.
बोटं अजून तिथेच होती.