राहते घर

नऊ अंशांची रात्र. गोरेवाड्याच्या फाटकाशी
चौकीदार कवडू सयाम शेकोटीत घालतो
खोके, पाचट, मागच्या मांडवाचे बांबू.

शेवटचा उचलला तर
आतून कुणीतरी कण्हल्यासारखं.
टॉर्च मारली. गिरमिटानं पाडावं तसं गोल भोक,
आत एकीमागे एक
काळ्या, निळसर पंखांच्या, गारठ्यानं जड झालेल्या
भुंग्यांच्या माद्या.
येत्या उन्हाळ्याची सगळी गुणगुण
या चार जणींच्या पोटी.

"काहून थांबला बे?" ड्युटीवर आलेला वासनिक म्हणाला.
कवडूनं बांबू आडवा धरला,
काठोकाठ भरलेली वाटी न्यावी तसा,
आणि टिनाखाली तारेनं बांधला, तोंड पूर्वेला.

उद्या सफाईवाले येतील.
वाळलेलं म्हणजे त्यांना कचराच.
म्हणून कोळशानं लिहिलं बांबूवर: राहते घर.

माघात त्याच्या बायकोच्या परसात
वांग्याची फुलं मान खाली घालून उभी राहतील,
पराग मुठीत घट्ट;
कुणी बिलगून घुमल्याशिवाय
ती मूठ नीट सुटत नाही.

आत्ता शेकोटी अर्धी विझलीय.
कवडू हात काखेत खुपसून बसलाय,
जरा जास्तच थंडीत.