अर्धी गोळी

सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात
काउंटरवरची पोरगी फॉर्म भरता भरता थांबली.
"राष्ट्रीयत्व?"
मी पासपोर्ट सरकवला. निळा, वर ढाल, दोन सिंह.
तिनं तो उलटा धरून पाहिला, मग सुलटा, मग मला.
"पण तुम्ही तर आमच्या साखर पेठेतल्यासारखं बोलताय की ओ काका."
साखर पेठेतच जन्मलो, बाळ.
पण तो रकाना जन्माचा नव्हता.

विम्याचा रकाना मीच भरला.
एक आडवी रेघ.

त्या रेघेची गोष्ट अशी की
थिक्याच्या कापड गिरणीत एकतीस वर्षं
मी तुटले धागे जोडले,
आणि गिरणीनं माझा ताप, माझे दात, मोडलेला अंगठा
आपल्या वहीत लिहून घेतला.
निरोपाच्या दिवशी एक घड्याळ दिलं
आणि वही मिटली.
तेव्हा मी त्रेसष्टचा, छाती ठणठणीत.
विमा काढायचा म्हणजे आजाराला आवतण, म्हटलं.
आता एकाहत्तर.
होटगी रोडच्या एजंटानं चहा पाजला,
वय विचारलं, कप ठेवायला म्हणून आत गेला
तो बराच वेळ आलाच नाही.

दोन लाख दहा हजार.
स्प्रिंगचे वेगळे.
नैरोबीत हाच आकडा एवढा मोठा होता
की तो सांगताना मुलगा फोनवर स्वाहिलीत शिरला.
म्हणून तर आलो. स्वस्त म्हणून.
लोक गावी परततात ते दुसऱ्या कशासाठी म्हणे.

मी हिशेब चादरींत करतो, जुनी खोड.
चारशेची एक धरली तर सव्वापाचशे चादरी.
एवढ्या चादरी
आणि पांघरायला एकच माणूस,
तोही मे महिन्यात, सोलापुरात.

नरसव्वा, माझी धाकटी, कुठं गेली नाही.
गेली ती तुळजापूरला,
आणि एकदा सिकंदराबादला, लग्न होतं.
पन्नास वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या.
बोटांच्या टोकांवर आता रेषाच नाहीत,
रेशनच्या दुकानातलं मशीन तिला ओळखत नाही.
विडी कामगाराचं कार्ड मात्र ओळखतं.
प्लास्टिकच्या पिशवीत, दोन रबरांत,
मार्कंडेयाच्या फोटोमागं असतं ते.
त्यावर डॉक्टर, त्यावर गोळ्या, त्यावरच चष्मा.
मागच्या बाजूला कुटुंब: नवरा (त्यावर काट), मुलगा, मुलगी.

मला न सांगता ती तिकडं जाऊन विचारून आली होती.
"भाऊ म्हणजे कुटुंब नाय का ओ साहेब?"
"नियमात नाय, मावशी."
"मग नियमाला बहीण नसंल,"
म्हणाली आणि रांगेतून बाजूला झाली.

तारीख मी अजून घेतलेली नाही.
घड्याळ विकायला काढलं होतं.
नव्या पेठेतल्या माणसानं कानाला लावलं,
म्हणाला, चालतंय छान, पण याला गिऱ्हाईक नाही.

आज चार दिवसांनी नळाला पाणी आलं.
घागरी, बादल्या, पातेली, चहाचे कपसुद्धा भरून झाल्यावर
नरसव्वा कात्री घेऊन बसते, पानं कापायची,
आणि आपली रक्तदाबाची गोळी
मधोमध कापते.
"अन्ना, तोंड उघड."

मी सांगतो, औषध असं वाटून खायचं नसतं,
तुझं दुखणं वेगळं, माझं वेगळं,
अर्ध्यानं ना तू बरी होशील, ना मी.
"ते तुझ्या देशाला सांग," ती म्हणते.
"इथं मोठा तुकडा तुझा."

मी चष्मा लावून पाहतो.
दोन्ही सारखेच.
हजारात एक विडी परत येत नसे तिची.

कापताना सांडलेली पांढरी पूड
ती बोटाच्या गुळगुळीत टोकानं टिपते
आणि जिभेवर ठेवते.