पडतं घेणं

योकोतेत डिसेंबरात बर्फ
खिडकीच्या निम्म्यावर चढतं,
आणि मंगळवारी संध्याकाळी सहाला
मी, कुरामोची, वय त्रेसष्ट,
गार चटयांवर अनवाणी उभा असतो
तिसरीतल्या पोरांच्या रांगेत, शेवटी.
रांग पट्ट्याच्या रंगाने लागते,
वयाला कुणी विचारत नाही.

अडतीस वर्षं बस चालवली.
स्टेशन, इस्पितळ, नदीपलीकडच्या सफरचंदांच्या बागा,
आणि परत.
दर थांब्याआधी तेच वाक्य, त्याच सुरात:
गाडी पूर्ण थांबेपर्यंत उठू नये,
कृपया कडी धरून ठेवावी.
माझ्या गाडीत कधी कुणी पडलं नाही.
निरोपसमारंभात माझ्याबद्दल एवढंच बोलले
आणि एक घड्याळ दिलं.

गेल्या फेब्रुवारीत फुसाए
कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर गेली
आणि तिसऱ्या पावलाला पडली.
मनगट. खुबा.
मी दारातच होतो, बूट शोधत.

इस्पितळातल्या खाटेवरून म्हणाली,
"माझं झालं ते झालं.
तू पडायला शिकून घे.
मला तुला उचलता यायचं नाही."

ओनोदेरा बाई चौऱ्याहत्तरच्या.
डावा कान सुकलेल्या जर्दाळूसारखा मुडपलेला.
म्हणाल्या, "फेकायचं नंतर बघू.
आधी जमिनीशी ओळख करून घ्या."
आणि मला हिनानोच्या हवाली केलं.

हिनानो आठ वर्षांची, पुढचे दोन दात नाहीत.
"आजोबा, हनुवटी आत! गाठीकडे बघा!"
मी गाठीकडे बघतो. गाठ सुटलेली असते.
ती पुन्हा बांधून देते, मागे फिरवून, पुढे आणून,
एक सुस्कारा टाकून.
"हात जोरात आपटा.
जमिनीला आपण आधी मारायचं,
मग ती आपल्याला कमी मारते."

दोन महिने नुसता पडलो.
बसून, उकिडवा, उभ्याने, डावीकडे, उजवीकडे.
घरी पाठीला मलम लावताना
फुसाए हसायची, खुबा धरून.

भिंतीवर चार अक्षरं, काळ्या शाईची.
हिनानोला पहिली दोनच वाचता येतात:
'आपण' आणि 'दुसरा'.
पुढची दोन, म्हणजे 'मिळून' आणि 'भरभराट',
चौथीत शिकवतात, असं तिनेच सांगितलं.
मला चारही वाचता येतात.
त्याचा फारसा उपयोग झालेला नाही.

धाकट्या भावाशी बागेच्या बांधावरून
अकरा वर्षं बोलणं नाही.
फुसाए म्हणायची, जरा पडतं घे.
मला वाटायचं, पडतं घेणं म्हणजे पडणं.

जानेवारीत मिकामी समोर आला,
तांदळाच्या गिरणीवाला, पोत्यासारखाच.
त्याने ढकललं, मी ढकललं.
त्याने आणखी, मी आणखी.
दम लागला, मान आखडली.
बाई कोपऱ्यातून: "त्याला यायचंय ना? येऊ द्या की!"
मी एक पाऊल मागे सरलो.
एवढंच. आणि तो डोंगर
माझ्या अंगावरून पुढे झोकांडला,
गोंधळलेला, हसत.
क्षणभर माझ्याकडे त्याचंही बळ होतं.

पुढच्याच क्षणी त्याने मला चीत केलं, ते सोडा.

पण सांगायचं ते हे,
की हवेत असताना कळलं:
त्याने माझी बाही सोडलेली नव्हती.
वर ओढून धरली होती, अगदी शेवटपर्यंत,
माझं डोकं आपटू नये म्हणून.
फेकणारा हात तोच, कडी तीच.
अडतीस वर्षं मी ती छताला शोधायला सांगत होतो.

छताकडे बघत पडून राहिलो.
हिनानो वाकून म्हणाली, "लागलं?"
नाही, म्हटलं. भावाचा नंबर आठवत होतो.
पाठ आहे अजून.

आज सकाळी दाराबाहेर
फुसाएची काठी आधी, मग ती, मग मी.
दुसऱ्या पायरीवर मी तिची बाही धरली,
कोपराजवळ, शिकवल्याप्रमाणे.

"ताणू नकोस," ती म्हणाली,
"स्वेटर नवा आहे."