आयकराच्या मागे

शनिवारी दहा ते एक उघडं असतं ते दुकान.
नेरूळला, चष्मेवाल्याच्या शेजारच्या बोळात.
पाटी साधी: वापरलेल्या वस्तू. पैसे डायलिसिसला.
आत मिक्सरची अनाथ भांडी, एकटी रॅकेट,
कुणाच्या तरी लग्नात आलेले सहा लेमन सेट,
आणि मागच्या भिंतीला, जिथे ट्यूब लुकलुकते,
पुस्तकं.
कुठलंही वीस रुपये. जाड असेल तर डाबरेबाई
तळहातावर तोलतात आणि म्हणतात, तीस द्या.

मी तुर्भ्याला मसाला मार्केटात हिशेब लिहिते.
आठवडाभर पोती, आकडे, शिंका.
शनिवारी मांडी घालून बसते खालच्या फळीपाशी
आणि मान कलती करून पुस्तकांच्या पाठी वाचत सरकते.
काहींची नावं खालून वर, काहींची वरून खाली.
मानेला रग लागते.
लागू दे.

काय काय येतं हाताला!
विहिरीला पाणी कुठे लागेल ते सांगणारं,
नेमकं पाणी लागायच्या आधी फाटलेलं.
गुजराती शिवणकाम, त्यात मराठीत पेन्सिलनं:
छाती बत्तीस, बाही नको म्हणते.
एक प्रवासवर्णन, पहिल्या पानावर शाईत
‘चि. सौ. इंदुमतीस, आता रुसू नये’,
आणि पुढची सगळी पानं न कापलेली, जोडलेलीच.
म्हणजे रुसवा काही गेला नाही.

दोनच घ्यायची, असा नियम आहे माझा.
(घरी एक रांग फ्रीजवर आहे, एक फ्रीजच्या मागे.)
तिसरं आवडलं की लपवते.
सगळ्यात वरच्या फळीवर आयकर कायदा, खंड तीन ते नऊ.
त्यांच्या मागे.
तिथे कोण कशाला हात घालतंय?

घातला तर बोटांना आधीच कुणाचं तरी पुस्तक.
खाडीतले मासे, रंगीत चित्रांसकट.
निवटीचं चित्र असं की आत्ता चिखलात उडी मारेल.
पिशवीपर्यंत गेलं ते. खोटं कशाला बोलू?
पण चोराच्या वाटा चोराला ठाऊक असल्या
तरी चोरानं चोराचं उचलू नये.
परत ठेवलं. माझं त्याच्या शेजारी.

पुढच्या शनिवारी मासे गेलेले,
माझं जागच्या जागी,
आणि त्याला टेकून एक नवीन, होड्यांच्या सुतारकामाचं.
असं पावसाळाभर.
दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या बाहीकडे मी बघायची,
वरच्या फळीवरची धूळ लागलीय का.

मग तीन शनिवार होड्या हलल्या नाहीत.
ओढणीनं पुसल्या. डाबरेबाईंना विचारलं नाही.
विचारलं असतं तर जागा फुटली असती.
आणि दुसरंही एक कारण होतं.

चौथ्या शनिवारी पायरी चाचपत एक गृहस्थ आले,
काळा गॉगल, हातात मेडिकलची पिशवी.
“अहो तांडेल मास्तर,” डाबरेबाई ओरडल्या,
“करावे गावातून चालत आलात? डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना?
डॉक्टरांनी वाचायचं नाही सांगितलंय!”
“वाचायचं नाही म्हणाले.
चाळायला कुठे मना केलंय?”

आणि हात सरळ वर, न शोधता,
खंड तीन ते नऊच्या मागे.
दोन्ही बाहेर काढली.
एकाचा कागद अंगठ्यानं चोळला, ते काखेत मारलं.
दुसरं नाकाशी नेलं.

“धणे,” म्हणाले. “आणि थोडी सुंठ.
आज आलायत का हो तुम्ही?”

पुस्तक पुढे केलं होतं मिक्सरच्या भांड्यांकडे.
मी उठले,
आणि तिकडे जाऊन उभी राहिले.