सात आणि आठच्या मध्ये

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी
गेथिनच्या पोकलेनची बकेट
मातीत उतरली आणि उतरतच राहिली.
त्याने इंजिन बंद केलं.
खाली आला नाही,
काचेतून माझ्याकडे बघत बसला
अंधारात पायरी चुकलेल्या माणसासारखा.

विटांची गोल कड. आत काळोख.
खडा टाकला, मोजू लागलो:
एक, दोन, तीन.
चारला पाणी बोललं.

मी कंत्राटाची बाई,
माझं काम इथून सुरू होतं.
दोरी बांधा, फोटो काढा,
फोटोत मोजपट्टी दिसू दे.
डायरीत वेळ लिहा, हवामान लिहा:
वेल्समधली भुरभुर, कालचीच, पुढे चालू.
नोटिशीला आठ आठवड्यांची मुदत असते.
मी त्याच दिवशी बसते,
कारण उशिरा पोचलेलं सत्य
या धंद्यात नुसती कुरकुर ठरतं.

टेंडरसोबत अहवाल आला होता.
बारा बोअरहोल. चिकणमाती, गोटे, मग घट्ट शेल.
सात आणि आठमधलं अंतर अठरा मीटर,
खाणीचं तोंड अडीच.
जमिनीला बारा सुया टोचून
आम्ही सांगून टाकलं होतं, प्रकृती ठणठणीत.
जुन्या खाणींच्या नकाशावर या जागी कोरा कागद,
आणि त्या कोऱ्यावर भरवसा ठेवून
आम्ही दर भरला.

क्लॉज विचारतो:
अनुभवी कंत्राटदाराला
हे आधी कळणं शक्य होतं का?
लग्नाला वीस वर्षं झाल्यावर
कुणीतरी विचारावं, तसा प्रश्न.

मी टाइप केलं: कुणालाही कल्पना नव्हती.
तेवढ्यात गेथिन केबिनमध्ये आला,
हातमोजे काढता काढता म्हणाला,
"ब्लॉडवेन मावशी या कोपऱ्यात मेंढ्या सोडायची नाही.
म्हणायची, इथलं गवत पोकळ वाजतं.
अख्ख्या क्वम्हेलिगला ठाऊक आहे."
"मग बोलला का नाहीस?"
"विचारलं कुणी?"

कर्सर लुकलुकत राहिला
"कुणालाही"च्या शेपटाशी.
मावशीचं वाक्य कुठल्या परिशिष्टात बसतं?
त्याची खोली किती, नमुना कुठे ठेवलाय,
सही कुणाची?

दुपारी टेग्वेन आली. कौन्सिलची इंजिनिअर.
शाळा त्यांची, पैसा त्यांचा,
आणि, हे मला उशिरा उमगलं, गावही तिचंच.
ती दोरीपाशी आलीच नाही.
बरीच अलीकडे थबकली,
मग लांबून वळसा घालून पलीकडे गेली,
जिथे दोरी नव्हती तिथूनसुद्धा.
तो वळसा पायांना पाठ होता.
शाळेत जायच्या वयापासून पाठ.
मी पाहिलं.
मी पाहिलं हे तिने पाहिलं.

ती म्हणाली असती, गावाला ठाऊक होतं,
तर मी म्हणाले असते, मग अहवालात का नाही?
मी मावशीचं नाव काढलं असतं,
तर दावाच कोसळला असता त्या भोकात.
दोघींच्या घशात एकेक वाक्य.
तिने थर्मास उघडला. चहा बरा होता.

तीनशे घनमीटर ग्राउट गिळल्यावर
ते तोंड मिटलं.
मुदत सहा आठवड्यांनी वाढली.
पैशांचं भांडण फेब्रुवारीपर्यंत रेंगाळलं,
मग मिटलं, म्हणजे
दोन्ही बाजू सारख्याच नाराज झाल्या.

पत्रातलं "कुणालाही" मी त्याच रात्री खोडलं होतं.
त्या जागी लिहिलं:
आमच्यापुढे ठेवलेल्या कागदांत याचा उल्लेख नव्हता.
वाक्य लंगडं झालं.
पण ते उभं राहिलं.

आता दुसऱ्या खोऱ्यात पुलाचं टेंडर निघालंय.
तपासणीच्या यादीत, बोअरहोलच्या ओळीखाली,
मी पेन्सिलने एक ओळ वाढवली:
मेंढ्या कुठे चरत नाहीत, विचारणे.

यादी साहेबांकडून परत आली.
समासात लाल शाईने:
याचा दर काय धरायचा?